आवाज शोभाआत्याचा

माधव नगर, उज्जैन
९ फेब्रुवारी २०२५

आल्हाद बाळा,

पत्र पाहून दचकशील. फोन बंद करून ठेवलाय मी. तुझ्यावर राग नाही रे, पण फोनची घंटी वाजली की आजकाल उचलवत नाही. का ते सांगते.

मागच्या गल्लीतले तात्या सरमंडल तुला आठवत असतील. बँकेत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू यायचास तेव्हा तुला सायकलवर बसवून राम घाटावर न्यायचे. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. इंदूरच्या अस्पतालात होते, परवाच घरी आणलं. मी भेटायला गेले, तर त्यांची सून तेजस्विनी दारातच उभी राहिली. एरवी किती मायाळू मुलगी, पण 'आत या' म्हणाली नाही. म्हणाली, "शोभाकाकू, बाबांना इन्सुलिन सोडायला तुम्ही का सांगितलंत?"

मला वाटलं तिचा काही गैरसमज झालाय. मग तिनं तात्यांचा फोन आणला. त्यात आलेला प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. तिनं ऐकवला. "नमस्कार, मैं आपकी शोभा बोल रही हूँ. सुई से अब छुट्टी लीजिए. यह चूर्ण लीजिए, शक्कर अपने आप काबू में आ जाएगी." आवाज माझा. 'आपकी' वरचा जोरसुद्धा माझा, रेडिओवर द्यायचे तसाच. मध्येच तात्या विचारताहेत, "अगं शोभा, घसा बसलाय का तुझा?" आणि मी उत्तर न देता पुढे बोलतेच आहे. शेवटी म्हणते, मागवायचं असेल तर एक दाबा. तात्यांनी दाबला.

तेजस्विनीला फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या भरलेल्या बाटल्या सापडल्या, तोवर चपलेनं झालेली जखम काळी पडली होती.

आल्हाद, गेल्या हिवाळ्यात तुझ्या कंपनीसाठी मी घरी बसून जे वाचन केलं, आंधळ्या मुलांच्या पुस्तकांसाठी, त्यात हे वाक्य होतं का? तू पाठवायचास त्या पानांवर काहीबाही असायचं, कशाचा कशाला मेळ नाही. 'वेगवेगळे ध्वनी यायला हवेत' म्हणालास, म्हणून मी वाचत गेले. मी हे म्हटलं असेन का? मला आठवत नाही. तू बघून सांग.

तुझी,
शोभाआत्या

—

पुणे
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तात्यांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. हल्ली कुणाचाही आवाज कुठूनही उचलतात. तुझे तर रेडिओचे जुने कार्यक्रम कितीतरी लोकांनी टेप करून ठेवलेत. कारल्याचा रस, मेथीचे दाणे असले घरगुती उपाय तू दुपारच्या कार्यक्रमात सांगायचीसच की. वाचनाच्या पानांचं म्हणशील तर ती हजारो वाक्यं होती. त्यात एखादं असं असेलही, नसेलही, आता नक्की सांगता येणार नाही. असलं तरी तू कुठे जाणूनबुजून म्हटलंस? तेव्हा ते मनातून काढून टाक.

पोलीस, वकील यांच्या चक्करमध्ये तू या वयात पडू नयेस असं मला वाटतं. त्या चूर्णवाल्यांचे पत्ते सहसा खोटेच असतात. हाती काही लागत नाही आणि आपलंच नाव पेपरात येतं.

मधुराची तब्येत बरी आहे. डॉक्टर बाळंतपणाची जूनमधली तारीख म्हणताहेत. फोन सुरू कर ना. तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही.

आल्हाद

—

माधव नगर, उज्जैन
३ मार्च २०२५

आल्हाद,

तू 'असेलही' लिहिलंस आणि मला आठवलं. 'सुई में धागा डालो' असं एक वाक्य होतं. आणि 'छुट्टी' तर कितीदा होतं, शाळेच्या वाक्यांमध्ये. रोज थोडं थोडं आठवत गेलं, आणि आता मला माझं मीच ते पूर्ण वाक्य म्हणताना दिसते. समोरच्या खोलीत, पंखा बंद करून, खिडकीला रजई लावून बसलेली. म्हणजे मीच म्हटलं. अर्थाकडे लक्ष न देता वाचत गेले. इतकी वर्षं माइकपुढे बसलेली बाई, आणि काय वाचतेय ते बघितलं नाही.

तात्यांकडे गेले. या वेळी तेजस्विनीनं आत घेतलं. मी त्यांना सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, फोनवर तू उत्तर देत नव्हतीस तेव्हाच मला कळलं होतं की हे सगळ्यांसाठी रेकॉर्ड केलंय. रेडिओवर तरी तू कुठे उत्तर द्यायचीस, पण आम्ही ऐकायचोच ना. मग म्हणाले, पाय माझ्या मूर्खपणानं गेला, हा विषय आता काढायचा नाही.

पण विषय तिथे संपत नाही. फ्रीगंजमध्ये शैलेंद्रचं ऑफिस आहे. आमच्या रेडिओ केंद्रावरच्या भटनागरजींचा मुलगा, ग्राहक आयोगात वकिली करतो. त्याला विचारलं. तो म्हणाला की मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ पासूनच बंदी आहे, आणि आयोग अशा लोकांना हुकूम देऊ शकतो की ज्यांना ज्यांना आधी फोन केलेत त्यांना पुन्हा फोन करून खरं सांगा. मी तर तिथेच म्हटलं की हेच पाहिजे. कारण औषधाच्या दुकानात मला कळलं की आणखी काही जणांनी इन्सुलिन न्यायचं बंद केलंय. पण तक्रार चूर्ण विकत घेणाऱ्यानं करायची असते, म्हणजे तात्यांनी. आणि शैलेंद्र म्हणाला, पहिला प्रश्न येईल की आवाज कुणाचा. जाहिरातीत बोलणारासुद्धा कायद्यापुढे जबाबदार असतो.

हे ऐकल्यावर तात्यांनी साफ नकार दिला. मी म्हटलं, येऊ दे माझं नाव. ते म्हणाले, "माझा पाय गेला तो गेला. तुझं नाव मी कोर्टात नेणार नाही." तेजस्विनीनंही समजावलं. बिलकुल ऐकत नाहीत. आणि तिकडे कुणीतरी अजून ते चूर्ण खात असेल.

वाचनालयात शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे, ते बंद केलं. तोंड उघडायचीच लाज वाटते.

तू वकील आहेस. घरचा म्हणून नाही, वकील म्हणून सांग. मी स्वतः जाऊन कबूल केलं तर मला काय शिक्षा होईल? आणि मग तरी ते फोन थांबतील का?

शोभाआत्या

—

पुणे
२ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. रोज उत्तर लिहायला बसतो आणि उठतो.

तुला शिक्षा होणार नाही, कारण तू ते म्हटलेलंच नाहीस. ते वाक्य कुठल्याही पानावर नव्हतं. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'असेलही' मी लिहिलं, आणि तू त्याच्यावर सगळी आठवण रचलीस. रजई, पंखा, सगळं.

झालं ते असं. तुझ्या वाचनावरून आमच्या कंपनीनं तुझा आवाज मशीनला शिकवला. आता कुणीही काहीही टाइप केलं की मशीन ते तुझ्या आवाजात म्हणतं. पुस्तकांचं काम खरंच होतं, पण ते मध्येच बंद पडलं. मग कंपनीनं आवाज भाड्यानं द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांना दाखवायच्या यादीत तुझ्या आवाजाला मी 'शोभा' नाव दिलं. लाडानं दिलं होतं गं.

पहिल्या दिवशी तू माइकवर संमती दिलीस: 'माझा आवाज शिक्षणासाठी आणि इतर कायदेशीर कामांसाठी वापरायला माझी हरकत नाही.' 'इतर म्हणजे काय रे?' असं तू विचारलंस आणि मी म्हटलं, कायद्याची भाषा असते आत्या, वाच तू. ते 'इतर' मीच घातलं होतं. डेटाचा नवा कायदा संसदेत पास झाला आहे पण अजून लागू नाही, तोवर एवढी संमती पुरे, असं मीटिंगमध्ये मीच सांगितलं होतं, आणि सगळे निश्चिंत झाले.

चूर्णवाल्यांचा करारही माझ्याच टेबलावर आला. काम काय, तर 'आरोग्यविषयक माहिती'. मी मजकूर मागितला. वरून सांगितलं की मजकुराची जबाबदारी गिऱ्हाइकाची. मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. मी सही केली.

तुझं पहिलं पत्र आल्यावर मी आत चौकशी केली. तो आवाज त्यांना देणं थांबवलंय. आमच्या मशीनवरून फोन गेले त्यांचे नंबर आमच्याकडे आहेत, पण आधीच बनवलेलं रेकॉर्डिंग त्यांच्याकडेही आहे, ते आणखी कुठे कुठे वाजतंय ते आम्हाला सांगता येत नाही.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. आता जे मागणार आहे ते मागायची लाज वाटते. हे पत्र शैलेंद्रला दाखवू नकोस. मधुराला सातवा महिना लागलाय. कंपनीच्या आतली गोष्ट बाहेर सांगितली तर नोकरी जाईलच, वर ते माझ्यावर केस करतील. थोडा वेळ दे. मी काहीतरी रस्ता काढतो.

आल्हाद

—

माधव नगर, उज्जैन
१४ एप्रिल २०२५

आल्हाद,

पत्र वाचून पहिल्यांदा मला बरं वाटलं. खरं सांगते. पंखा लावला, चहा केला, बिस्किट बुडवून खाल्लं. मी नाही म्हटलं, मी नाही म्हटलं, हेच मनात. मग लक्षात आलं की तात्यांचा पाय तेवढाच तुटलेला आहे, आणि मी चहा पीत बसलेय.

तू नको म्हणालास म्हणून पत्र कुणाला दाखवलं नाही. पण राहवलं नाही, तात्यांकडे गेले आणि म्हटलं की ते वाक्य माझं नव्हतं. त्यांनी विचारलं, मग कुणाचं? मशीनचं, म्हटलं. मशीनला कुणी दिलं? तिथे मी गप्प. महिन्याभरापूर्वी मीच त्यांच्यापुढे रडून कबूल केलं होतं, आणि आता म्हणतेय मी नव्हेच. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, असू दे. त्यांना वाटलं मी घाबरून आता नाकारतेय. तेजस्विनीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी आणखी काही समजवायला लागले, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "शोभा, थोडा वेळ बोलू नकोस. तुझा आवाज ऐकला की मला पाय दुखल्यासारखा वाटतो. जो नाही तो." मी निघताना 'येते'सुद्धा म्हटलं नाही.

तुझा बाप गेला तेव्हा तू बारावीत होतास. तुझ्या शिक्षणात मी काय केलं ते मोजत नाही, ते माझं कर्तव्य होतं. मधुराच्या पोटातलं मूल माझंही आहे, मला त्याची काळजी नाही असं समजू नकोस. रोज देवापुढे बसते तेव्हा तेच पहिलं मनात येतं. पण तुला झाकायला मी त्या माणसापुढे खोटी पडले, आणि त्यानं तरीही माझं नाव झाकलं. हे मला सहन होत नाही.

तुझ्या वतीनं माफी मी मागणार नाही, आल्हाद. माझ्या तोंडून पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही बोलून घेतलं. एवढं तू स्वतः येऊन बोल.

नाही आलास तरी पत्र मी कुणाला दाखवणार नाही. शब्द दिला नव्हता, पण दिल्यासारखाच आहे.

शोभाआत्या

—

पुणे
१ जून २०२५

आत्या,

उज्जैनहून परवा पोचलो. स्टेशनवर तू मला डबा दिलास आणि काही न बोलता पाठीवरून हात फिरवलास. तो डबा रतलामपर्यंत मला उघडता आला नाही.

त्या दिवशी तू आणि तेजस्विनी स्वयंपाकघरात होतात, तेव्हा तात्यांच्या खोलीत काय झालं ते तू विचारलं नाहीस. सांगतो.

मी त्यांना सगळं सांगितलं, तुला लिहिलं होतं तसंच, सहीसकट. 'असेलही' तेसुद्धा सांगितलं. ते भिंतीकडे बघत ऐकत होते. मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो आणि माझा हात नको तिथे, चादरीच्या रिकाम्या भागावर पडला. तेव्हा ते म्हणाले, "तिकडे काही नाही, इकडे बस."

मग म्हणाले, शोभा मला खरं सांगत होती आणि मी तिला खोटी समजलो. ती गेली तेव्हा तिला हाकही मारली नाही. हे ते मला नाही, स्वतःलाच सांगत होते. मला त्यांनी एकच विचारलं, की असे फोन किती लोकांना गेले. आकडा सांगितला. मग म्हणाले, "तू मला सांगायला आलास, ठीक आहे. त्यांच्याकडे कोण जाणार?"

तिथून उठून मी शैलेंद्रच्या ऑफिसात गेलो. शपथपत्र दिलं. संमती कुणी लिहिली, करार कुणी मंजूर केला, आवाज मशीनचा आहे, तू ते वाक्य कधी म्हटलं नाहीस, सगळं. तात्यांची तक्रार आता दाखल होईल. ते स्वतः सही करतो म्हणालेत.

कंपनीला मी इथे आल्याआल्या सांगितलं. त्याच दुपारी माझं ऑफिसचं कार्ड बंद झालं. नोटीस येईल. येऊ दे.

मधुराला सांगितलं तेव्हा ती पाळण्याच्या झालरीला टीप घालत होती. रागावली नाही, रडली नाही. तिनं विचारलं, "आत्यांचं पहिलं पत्र आलं तेव्हाच का नाही?" घाबरलो होतो असं म्हटलं, पण ते पुरेसं नाही हे तिलाही कळलं, मलाही.

तू मला क्षमा कर असं लिहिणार नाही. तात्यांनीही तसं काही म्हटलं नाही. निघताना फक्त म्हणाले, गाडी सुटायच्या आधी राम घाटावर जाऊन ये, लहानपणी तुला आवडायचं. मी गेलो नाही. त्यांच्यावाचून तिथे जाववेना.

आल्हाद

—

माधव नगर, उज्जैन
१६ नोव्हेंबर २०२५

आल्हाद,

सायलीचे फोटो मिळाले. नाक तुझ्या बापाचं घेतलंय. मधुराला सांग, टाळू भरायला तीळतेल चांगलं. हे मात्र मी खात्रीनं सांगतेय.

आता आयोगाची खबर. चूर्णवाल्यांनी दुकान गुंडाळलं, नोटिसा परत येताहेत, शैलेंद्र मागावर आहे. तुझ्या जुन्या कंपनीचा वकील मात्र दर तारखेला येतो. तात्यांच्या भरपाईवर ते भांडताहेत, ते आणखी पुष्कळ दिवस चालेल. पण तुझं शपथपत्र समोर असल्यावर फोनच्या बाबतीत त्यांना काही बोलता आलं नाही. हुकूम झाला की सगळ्या त्याच नंबरांवर खुलाशाचा फोन करायचा, त्यांच्या खर्चानं.

गंमत बघ. त्यांचा वकील मला बाहेर भेटून म्हणाला, "मॅडम, आपको तकलीफ करने की ज़रूरत नहीं, आपकी आवाज़ तो हमारे पास है, दो मिनट में बन जाएगा." मी शांतपणे सांगितलं की तो आवाज आधी पुसा, आणि पुसल्याचं आयोगाला लिहून द्या. दुसऱ्या कुणाचा आवाज लावावा असंही निघालं होतं. पण ज्यांनी माझं ऐकून सोडलं ते दुसऱ्याचं ऐकून परत घेतील का? म्हणून मीच गेले. फ्रीगंजमध्ये लग्नाची गाणी रेकॉर्ड करतात त्या स्टुडिओत. इतक्या वर्षांनी स्टुडिओतल्या माइकपुढे बसले. मजकूर मी स्वतः लिहिला. पहिला फोन माझा नव्हता, माझा आवाज मला न विचारता वापरला गेला, इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, सोडलं असेल तर आजच दवाखान्यात जा. रेकॉर्ड करणारा मुलगा म्हणाला, एकदम परफेक्ट आंटी. मी म्हटलं पुन्हा घे, मला स्वतःचंच बोलणं खरं वाटेना.

तो फोन तात्यांनाही आला. मी तिथेच होते. नकली पाय लावून ते अंगणात चालायचा सराव करत होते, तेजस्विनी मागे खुर्ची घेऊन. त्यांनी फोन कानाला लावला आणि शेवटपर्यंत ऐकला. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, आता तू म्हण, इथे, माझ्यासमोर. मी सगळं म्हटलं, पहिल्यापासून. त्यांनी डोळे मिटले नाहीत. तेजस्विनी आत जाऊन तिघांचा चहा घेऊन आली.

आम्ही बोलतो आता. पहिल्यासारखं नाही, पण बोलतो.

आणखी एक. शैलेंद्रच्या ऑफिसात महिदपूरहून एका माणसाचा फोन आला. खुलाशाचा फोन त्याच्या घरी आला तो त्याच्या आईच्या नंबरवर. आईनं डिसेंबरात सुई सोडली होती. होळीच्या आधी गेली. त्याला भांडायचं नव्हतं, भरपाईचंही विचारत नव्हता. एवढंच जाणून घ्यायचं होतं की पहिला फोन खरंच माझा नव्हता का, कारण आई जाईपर्यंत म्हणत होती, शोभा दीदी खोटं सांगणार नाही.

मी त्याच्याशी बोलले. तो जे म्हणाला ते मी तुला सांगणार नाही, ते तू त्याच्याकडूनच ऐक. नंबर मागच्या पानावर लिहिलाय. तू फोन करशील असं त्याला सांगून ठेवलंय, तुझं नावही सांगितलंय. शाळेत शिकवतो, दुपारनंतर घरी असतो.

शोभाआत्या